टेंभी नाक्याच्या गर्दीत तुमची वेबसाइट नीट दिसते का? वेगवेगळ्या स्क्रीन आणि ब्राउझरवर साइट कशी तपासायची

स्वतःची छोटी वेबसाइट बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तयार टेम्प्लेट मिळतात, थोडंफार एचटीएमएल-सीएसएस यूट्यूबवर बघून शिकता येतं आणि एका रविवारी साइट उभीही राहते. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. लॅपटॉपवर मस्त दिसणारी साइट मित्राच्या फोनवर उघडली की अर्धा मजकूर उजवीकडे गायब होतो, आणि आयफोनवर तर बटणच सापडत नाही. असं का होतं आणि ते आधीच कसं पकडायचं, हे आज बघूया.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या एका ताई नवरात्रात उपवासाचे पदार्थ घरी बनवून विकतात. साबुदाणा वडे, उपवासाची भाजणी, राजगिऱ्याचे लाडू. भाचीने त्यांना एक पानाची साइट बनवून दिली आहे. वर पदार्थांचे फोटो, खाली फॉर्म आणि शेवटी ‘ऑर्डर नक्की करू’ असं बटण.

टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव ठाणेकरांना सांगायला नको. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव. नऊ दिवस दर्शनाला रांगा, रस्त्यावर गर्दी, वाहतुकीत बदल. ताईंची साइट उघडणारा माणूस टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसलेला नसतो. तो रांगेत उभा असतो, एका हातात चपलांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. नेटवर्क रडतंय, उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. अशा वेळी बटण दिसलं नाही तर तो तक्रार करायला थांबणार नाही, साइट बंद करून पुढे जाईल. ताईंना कळणारही नाही की ऑर्डर का आल्या नाहीत. वर्षातले नऊच दिवस धंद्याचे आणि ते असे गेले तर नुकसान खरं आहे. टेस्टिंग म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम नाही, ते यासाठी.

पिक्सेल म्हणजे नक्की कुठला पिक्सेल?

पहिला गोंधळ इथेच होतो. फोनच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं १०८० बाय २४००. मग वाटतं, फोनची रुंदी १०८० पिक्सेल, म्हणजे लॅपटॉपएवढीच की! पण ब्राउझर हे पिक्सेल मोजत नाही. तो मोजतो सीएसएस पिक्सेल. स्क्रीनवरचे खरे ठिपके आणि सीएसएस पिक्सेल यांच्या प्रमाणाला डिव्हाइस पिक्सेल रेशो म्हणतात.

हिशोब सोपा आहे. स्क्रीन १०८० ठिपक्यांची आणि रेशो ३ असेल तर ब्राउझरला मिळणारी रुंदी १०८० भागिले ३, म्हणजे ३६०. एखाद्या स्वस्त फोनची स्क्रीन ७२० ठिपक्यांची आणि रेशो २ असेल तरी उत्तर ३६०च. म्हणजे महागड्या आणि स्वस्त फोनवर साइटला जागा सारखीच मिळू शकते, फरक फक्त अक्षरं किती रेखीव दिसतात याचा. आयफोन १४ ची स्क्रीन ११७० ठिपके रुंद आहे, रेशो ३, म्हणून साइटला मिळतात ३९०.

आता समजा भाचीने फोटोच्या चौकटीची रुंदी ५०० पिक्सेल अशी पक्की लिहून टाकली. लॅपटॉपवर काही बिघडत नाही. ३६० च्या फोनवर मात्र १४० पिक्सेल बाहेर जातात आणि पान डावी-उजवीकडे सरकायला लागतं. उपाय काय? रुंदी पक्की न ठेवता ‘जास्तीत जास्त १०० टक्के’ अशी मर्यादा घालायची. मग चौकट जागेप्रमाणे आकसते.

व्ह्यूपोर्ट टॅग: एक ओळ, पण महत्त्वाची

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा जवळपास सगळ्या साइट कॉम्प्युटरसाठी बनवलेल्या होत्या. त्या छोट्या स्क्रीनवर मावाव्यात म्हणून सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचा आणि मग सगळं लहान करून दाखवायचा. वाचायचं तर दोन बोटांनी मोठं करा! यावर तोडगा म्हणून ॲपलनेच व्ह्यूपोर्ट मेटा टॅग आणला. ‘बाबा रे, माझं पान फोनच्या खऱ्या रुंदीवर मांड’ असं ही एक ओळ ब्राउझरला सांगते. आजही ती ओळ विसरली तर फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं. अक्षरं बारीक दिसली की सगळ्यात आधी ही ओळ आहे का ते बघा.

पुढे मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ नावाचा लेख लिहिला. फोनसाठी वेगळी, कॉम्प्युटरसाठी वेगळी अशा दोन साइट बनवण्यापेक्षा एकच साइट लवचीक बनवा, असा त्याचा सारांश. लवचीक मांडणी, लवचीक फोटो आणि मीडिया क्वेरी, म्हणजे ‘रुंदी इतकी असेल तर असं दाखव’ असे नियम. आज आपण जी पद्धत गृहीत धरतो ती तिथून आली.

ब्राउझर अनेक, इंजिन मात्र तीन

स्क्रीनचा प्रश्न सुटला तरी ब्राउझरचा राहतो. नावं भरपूर दिसतात, पण आत पान रंगवणारी मुख्य इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंक या इंजिनावर चालतात. सफारीचं इंजिन वेबकिट. फायरफॉक्सचं गेको. त्यामुळे क्रोम, एज आणि ब्रेव्ह अशा तिन्हींत साइट तपासून ‘तीन ब्राउझरमध्ये टेस्ट केली’ म्हटलं, तरी प्रत्यक्षात बहुतेक एकाच इंजिनावर तपासणी झालेली असते.

आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं. ॲपलचा तसा नियम आहे. युरोपीय संघात २०२४ पासून यात सूट मिळाली, भारतात नाही. म्हणून आयफोनवर काही बिघडलेलं दिसलं की ‘क्रोममध्ये उघडून बघ’ हा सल्ला फारसा कामाचा नाही.

इंजिनांमधले फरक आता पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी २०२२ पासून ‘इंटरऑप’ नावाचा उपक्रम चालवला आहे. कुठल्या गोष्टी सगळ्या ब्राउझरमध्ये सारख्या चालायला हव्यात हे ते ठरवतात आणि त्याप्रमाणे दुरुस्त्या करतात. तरी जुने फोन, अपडेट न केलेले ब्राउझर आणि काही सवयीचे घोळ उरतातच. आपल्या उदाहरणातले तीन घोळ बघा.

पहिला, गायब होणारं बटण. पानाची उंची ‘१०० व्हीएच’ म्हणजे पूर्ण स्क्रीनभर ठेवली आणि बटण अगदी तळाला चिकटवलं. फोनवर ब्राउझरची ॲड्रेस पट्टी दिसते तेव्हा खरी जागा कमी असते, पण १०० व्हीएच मोजताना ती पट्टी नाहीच असं धरलं जातं. झालं, बटण स्क्रीनच्या खाली. यासाठी ‘डीव्हीएच’ हे नवं एकक आलं आणि २०२२ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारलं.

दुसरा, अचानक मोठं होणारं पान. आयफोनच्या सफारीत फॉर्ममधल्या रकान्याचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर त्यात बोट लावताच पान आपोआप झूम होतं. माणूस गोंधळतो. रकान्यांचा फॉन्ट १६ ठेवला की प्रश्न मिटला.

तिसरा, माउस नेल्यावर उघडणारा मेनू. फोनला माउस नाही! बोट ठेवल्यावर काय होतं ते वेगळं बघावंच लागतं.

मराठी साइटचे खास घोळ

इंग्रजी लेखांमध्ये या गोष्टी सापडत नाहीत, म्हणून हा भाग नीट वाचा.

आपल्या बटणावरचा ‘ऑर्डर’ शब्द घ्या. ‘ऑ’वर चंद्र आहे, ‘ड’वर रफार आहे. देवनागरीला वर-खाली इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली असेल तर कुठल्यातरी फोनवर मात्रा कापली जाणार. ओळींमधलं अंतर थोडं सढळ ठेवा, अक्षराच्या दीडपटीच्या वर, आणि बटणाला पक्की उंची देऊ नका.

इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर ठेवायची फॅशन आहे. तेच मराठी शीर्षकाला लावलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. मराठीसाठी हे अंतर शून्यच बरं.

फॉन्टचंही तसंच. साइटवर लावलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतील तर फोन स्वतःचा फॉन्ट वापरतो. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय. प्रत्येकाची रुंदी वेगळी. म्हणून एका फोनवर एका ओळीत बसणारं शीर्षक दुसऱ्यावर दोन ओळींत जातं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने बनवलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी असलेले फॉन्ट मोफत मिळतात. असा एखादा लावला तर सगळीकडे दिसणं बरंचसं सारखं राहतं. शिवाय पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवा. काही फॉन्ट ती नोंद बघून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं दाखवतात, नाहीतर हिंदी वळणं येतात.

सगळ्यात फसवा घोळ ‘ऱ्य’चा. ‘राजगिऱ्याचे लाडू’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ‘नको असलेली चिन्हं’ म्हणून ते अदृश्य चिन्ह काढून टाकलं की ‘राजगिऱ्याचे’चं ‘राजगिर्याचे’ होतं. लाडवांच्या बाबतीत हसून सोडून देऊ, पण ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत अर्थच बदलतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ही तसेच. शिवाय दोन पद्धतींनी लिहिलेले शब्द दिसायला सारखे असले तरी शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत.

शेवटचं, कापलेले शब्द. छोट्या स्क्रीनवर ‘पहिली ८ अक्षरं दाखव’ असा नियम लावला तर कोड जोडाक्षराच्या मध्येच कापतो. ‘साबुदाण्याची’चं ‘साबुदाण्’ होतं, पाय मोडलेलं. कापायचंच असेल तर पूर्ण शब्दावर कापा.

मुंबईत सुरू झालेली टेस्टिंगची दुकानदारी

मग प्रत्येक फोन विकत घ्यायचा का? हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी अख्ख्या जगाला पडला होता. तेव्हा डोकेदुखी होती इंटरनेट एक्सप्लोररची. त्याच्या ६, ७, ८, ९ अशा वेगवेगळ्या आवृत्त्या लोक एकाच वेळी वापरत होते, प्रत्येकीत पान वेगळं दिसायचं आणि एका विंडोजवर एकच आवृत्ती सरळपणे चालायची. म्हणजे तपासायला चार कॉम्प्युटर.

आयआयटी मुंबईत शिकलेले रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत ब्राउझरस्टॅक सुरू केलं ते याच अडचणीवर. कल्पना अशी की वेगवेगळे ब्राउझर आणि पुढे खरे फोनसुद्धा डेटा सेंटरमध्ये ठेवायचे आणि त्यांची स्क्रीन इंटरनेटवरून तुमच्या ब्राउझरमध्ये दाखवायची. तुम्ही इथे क्लिक केलं की तिथल्या खऱ्या फोनवर क्लिक होतं. २०२१ मध्ये या कंपनीचं मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झालं. ‘माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही?’ या एका प्रश्नावर एवढा धंदा उभा राहिला, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते समजतं.

एकाच फोनवर टेस्टिंग कसं करायचं?

अशा सेवांना पैसे लागतात. पण ताईंच्या भाचीला सुरुवातीला त्याची गरज नाही. हातातला अँड्रॉइड फोन बराच कामाला येतो.

१. सेटिंगमध्ये डिस्प्ले साइझ मोठी करा. यामुळे फक्त अक्षरं मोठी होत नाहीत, तर ब्राउझरला मिळणारी सीएसएस रुंदी कमी होते. म्हणजे एकाच फोनवर छोट्या फोनची चाचणी झाली.

२. क्रोमच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचा आकार वाढवा. घरातल्या मोठ्यांचे फोन बघा, बहुतेकांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. उपवासाची भाजणी मागवणारे तेच तर आहेत!

३. फोन आडवा करा. मग उभा करून कीबोर्ड उघडा आणि बटण अजून दिसतंय का ते बघा.

४. फायरफॉक्स टाका. अँड्रॉइडवर त्यात गेको इंजिन असतं, म्हणजे दुसरं इंजिन फुकटात. तिसऱ्यासाठी आयफोनवाला मित्र पकडा, पाच मिनिटं पुरतात.

५. इन्स्टाग्रामवरून लिंक उघडा. ती क्रोममध्ये न उघडता ॲपच्या स्वतःच्या खिडकीत उघडते आणि तिथे जागा अजून कमी असते.

६. डार्क मोड चालू करा. सॅमसंग इंटरनेटमध्ये साइटचे रंग जबरदस्तीने गडद होतात आणि काळा लोगो काळ्यावर हरवू शकतो.

७. फॉर्ममध्ये मराठी कीबोर्डने फोन नंबर टाकून बघा. ‘९’ आणि इंग्रजी ‘नऊ’चा आकडा कोडला वेगळे वाटतात. अनेक फॉर्म मराठी आकडे चुकीचे म्हणून परत पाठवतात, आणि माणसाला कळत नाही आपलं काय चुकलं.

८. बाहेर जाऊन उघडा. दुपारी टेंभी नाक्यावर किंवा ठाणे स्टेशनच्या पुलावर, एका हाताने. फिकट राखाडी अक्षरं उन्हात वाचता येतात का? अंगठ्याने बटण लागतं का? बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ डीपी असं माप सुचवतात. त्यापेक्षा लहान असेल तर चुकून शेजारचं दाबलं जाणार.

लॅपटॉप असेल तर

क्रोममध्ये एफ-१२ दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र. फोनच्या आकाराची चौकट येते. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम थेट चालतं. इथे ठरावीक फोन निवडण्यापेक्षा चौकटीची कड धरून ३२० पासून १४०० पर्यंत सावकाश ओढा आणि मांडणी कुठे फाटते ते बघा. नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करता येतो. गर्दीतलं रडकं नेटवर्क घरबसल्या अनुभवायचं तर ते करून बघा. १२८० रुंदीच्या खिडकीत झूम ४०० टक्के केला तरी पान ३२० मध्ये मांडलं जातं, आणि वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांत याच रुंदीवर आडवं सरकवावं न लागणं अपेक्षित आहे.

एक लक्षात ठेवा. ही चौकट म्हणजे खरा फोन नव्हे. आत इंजिन तुमच्या लॅपटॉपवरच्या क्रोमचंच असतं. आयफोनचं नाव निवडलं म्हणून वेबकिट येत नाही. चौकटीत बहुतेक चुका पकडायच्या आणि शेवटची खात्री खऱ्या फोनवर करायची.

सगळीकडे अगदी सारखंच दिसायला हवं का?

नाही, आणि नवशिके इथेच वेळ घालवतात. तारीख निवडायचं कॅलेंडर आयफोनवर वेगळं आणि अँड्रॉइडवर वेगळं दिसणारच, लोकांना आपापल्या फोनची सवय असते. सावली एका ब्राउझरमध्ये थोडी गडद दिसली तर कोणाचं अडत नाही. तपासायचं ते इतकंच: वाचता येतं का, सगळं स्क्रीनवर मावतं का, आणि ज्या कामासाठी माणूस आला ते शेवटपर्यंत होतं का.

वेळ कमी असेल तर ३२०, ३६०, ३९०, ७६८ आणि १३६६ या पाच रुंद्या आणि तीन इंजिनं बघा. प्रत्येक ठिकाणी फक्त पान बघून थांबू नका, एक खोटी ऑर्डर पूर्ण टाकून बघा. बटण दाबल्याशिवाय कळत नाही की ते दाबलं जातं.

आणि तुम्ही साइट बनवत नसाल तर?

तरी हे उपयोगी आहे. एखाद्या छोट्या दुकानाची, मंडळाची किंवा क्लासची साइट तुमच्या फोनवर बिघडलेली दिसली तर ‘तुमची साइट चालत नाही’ एवढंच कळवू नका. फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, अक्षरं मोठी केली आहेत का, काय दाबलं आणि काय झालं, एवढं लिहा आणि सोबत स्क्रीनशॉट द्या. दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा वेळ तिथेच वाचतो. तुमच्या दोन मिनिटांच्या मेसेजमुळे पुढच्या शंभर जणांना ते बटण दिसेल.